बैलाच्या दिवसाचं ताट

दुपारचे दोन वाजून गेले आहेत. यामिनी सासूच्या घरातल्या मधल्या खोलीत चटईवर आडवी पडली आहे, आणि झोपायचं नाही असं तिनं पक्कं ठरवलं आहे. पाच मिनिटं पाठ टेकायची, मग उठून स्वयंपाकघर आवरायला घ्यायचं. वर्षभरात तिनं त्या स्वयंपाकघरात पाऊल टाकलेलं नाही. सासू तिथेच पडल्या होत्या.

उद्या त्यांना, तोकिए-सानना, जाऊन वर्ष होईल. पुढच्या महिन्यात हे घर पाडणार, म्हणून यामिनी आणि तिचा नवरा शुन्सुके दोन दिवस सामान काढताहेत. आत्ता तो जुन्या गाद्या गाडीत घालून गावाबाहेरच्या कचरा-केंद्रावर गेला आहे. बाहेर एकोणचाळीस अंश ऊन आहे. आपल्याकडे अकोला-चंद्रपूर जसं उन्हाळ्यासाठी बदनाम, तसं जपानात हे कुमागाया गाव. यामिनी अमरावतीची, बोंड्यांच्या घरातली. महानुभाव घर, अंडंसुद्धा कधी उंबरठ्याच्या आत आलं नाही. पुण्यात जपानी शिकली, नोकरीसाठी तोक्योला आली, शुन्सुकेशी लग्न करून इथलीच झाली.

एसी चालू आहे. शुन्सुकेनं तो आईसाठी बसवला होता. त्याचा आवाज जड होत जातो, मग कूलरचा होतो, पाणी ठिबकणाऱ्या, पत्र्याच्या, घरच्या कूलरचा. वाळ्याचा वास येतो. इथे वाळा कुठला, असं तिच्या मनात येतं, आणि त्याच विचाराचं बोट धरून ती खाली उतरते.

"काऊन वं, निजली का?"

दारात तोकिए-सान उभ्या आहेत. अंगावर निळा एप्रन, कोपरापर्यंत कापडी बाह्या, डोक्यावर गवती टोपी. यामिनीला भीती वाटत नाही. नवल वाटतं ते भाषेचं. तोकिए-सान जन्मात मराठीचा एक शब्द बोलल्या नव्हत्या. आपल्या जपानीतही त्या अर्ध्या वाक्यावर थांबायच्या आणि उरलेलं समोरच्यानं समजून घ्यावं अशी त्यांची रीत. न आवडलेल्या गोष्टीला त्या "हो का" म्हणायच्या. फारच न आवडलेल्या गोष्टीला "हो का, छान". नऊ वर्षांत त्यांनी सुनेवर एकदाही आवाज चढवला नव्हता. आता त्या ठसठशीत वऱ्हाडीत बोलताहेत, अमरावतीच्या मावशीसारख्या, आणि चिडलेल्या आहेत.

"झोपले नाहीये मी," यामिनी म्हणते.

"मंग ऊठ. रांगेत उभं रायाचं हाये."

रांग लांब आहे. पुढे कुठेतरी कोळशावर वाम मासे भाजताहेत आणि गोडसर, तेलकट धूर माणसांच्या डोक्यांवरून मागे येतो आहे. आज बैलाचा दिवस. जपानी पंचांगात प्रत्येक दिवस बारा प्राण्यांपैकी एकाचा असतो. तिकडच्या उन्हाळ्यात, जुलैच्या शेवटी, जो बैलाच्या वाट्याला येतो, त्या दिवशी वाम खाल्ली की उन्हाळा बाधत नाही, अंगातला जोर टिकतो, असं तिकडे मानतात. तोकिए-सान दर वर्षी या रांगेत उभ्या राहायच्या. यामिनी कधीच आली नव्हती. आत्ता तिच्या पायांखाली डांबर मऊ झालं आहे आणि रांगेतल्या कुणालाच घाम येत नाहीये.

"रिमोट कुठे होता?" यामिनी विचारते. हे विचारायचं तिच्या मनात नव्हतं. तोंड उघडल्यावर हेच बाहेर पडलं.

"कोणता?"

"एसीचा. तुम्हाला माहितीये कोणता."

"खणात."

"प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून. वरून रबर लावून. मी काढला तो, तुम्ही गेल्यावर. रबर उकाड्यानं वितळून पिशवीला चिकटलं होतं. एकदा तरी लावलात का तो?"

"अंग थंड ठेवाचं ते खाण्यानं," तोकिए-सान पुढे बघत म्हणतात. "भित्तीवरच्या डब्यानं नाई."

"मग राहिलं का थंड?"

रांग एक पाऊल सरकते, तोकिए-सानही सरकतात. यामिनीला फ्रिजवरची ती यादी आठवते. त्यांच्याच बारीक अक्षरातली. सकाळी भाजलेल्या जवाचं गार पाणी. न्याहारीला मिठात मुरवलेलं एक आंबट उमे फळ. दुपारी बर्फाच्या पाण्यातल्या शेवया. काकडी, भोपळ्याच्या जातीचं काहीही. उकाड्यानं गळाल्यासारखं वाटलं तर शिंपल्यांचं सार. उन्हाळ्याला काय काय खाऊन तोंड द्यायचं ते या बाईला सगळं ठाऊक होतं, आणि तिला उन्हाळ्यानंच नेलं. या गोष्टीचा राग यामिनीनं वर्षभर कुणाला दाखवला नाही. दाखवायचा तरी कुणाला.

"शहाण्या माणसानं असं मरायचं का?" ती म्हणते. रांगेतली माणसं मागे वळून बघतात. ती माणसं अमरावतीच्या जयस्तंभ चौकातली आहेत, रसवंतीसमोर उभी राहावीत तशी. प्रत्येकाच्या हातात स्टीलचा डबा आहे. तीन पुडांचा, कडीजवळ पोचा आलेला. यामिनी ओळखते. तो तिचाच डबा आहे, सगळ्यांच्या हातात.

"हा डबा पाय," तोकिए-सान म्हणतात. "नऊ वर्षं आणला हा माह्या घरात."

"मी काय खाणार होते तुमच्याकडे?"

"विचारलं का कधी?"

"पहिल्या उन्हाळ्यात विचारलं होतं."

दोघींनाही तो दिवस माहीत आहे. लग्नानंतरचा पहिला जुलै. काचेच्या वाडग्यात बर्फ, त्यात पांढऱ्या शेवया, बाजूला वाटीत काळसर झोल. यात मासा नाही ना, असं यामिनीनं नव्या नवरीच्या सगळ्या अदबीनं विचारलं होतं. नाही नाही, असं उत्तर आलं. तिनं दोन वाट्या झोल संपवला, चांगला लागला म्हणून. मग पाणी प्यायला उठली तेव्हा ओट्यावर सुकवलेल्या माशाच्या किसाची उघडी पिशवी दिसली. न्हाणीघरात जाऊन तिनं सगळं ओकून टाकलं, नळ मोठा सोडून, कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून. बाहेर येऊन हसली. पुढच्या वेळेपासून डबा.

"त्यात मासा कुठं होता?" तोकिए-सान म्हणतात. "पाणी होतं. मासा गाळून फेकला होता."

"आई, मासा उकळलेलं पाणी होतं ते."

"मले खरंच समजलं नाई वं तवा. आमच्यात त्याले मासा म्हणत नाई. मंग तिसऱ्या-चौथ्या डब्याले समजलं." त्यांनी टोपी काढली आहे आणि तिनं वारा घेताहेत, रागानं, फडफड. "तवा लाज वाटली. अन् लाज वाटली का मी चूप बसते. पण तू बी चूप बसली. डबा उघडून बसे माह्या ताटाच्या बाजूले. देव्हाऱ्यातल्या माह्या गेलेल्या नवऱ्याले मी काय सांगू? सून माह्या घरचं पाणी पेते न अन्न नाई खात?"

"एकदा म्हणायचं ना मग, चुकलं म्हणून."

"तू एकदा म्हणाचं ना, काय झालं म्हणून."

यामिनी तोंड उघडते, पण पायांखाली आता डांबर नाही. तापलेली फरशी आहे. अमरावतीच्या घराची गच्ची. जिथे तिची आई कुरडया घालायची तिथे बांबूच्या मोठमोठ्या परड्या मांडल्या आहेत आणि त्यांत उमे फळं वाळत घातली आहेत. लाल, सुरकुतलेली, मिठाचं पाणी सुटलेली. याच दिवसांत ती तीन दिवस उन्हात ठेवतात. तोकिए-सान उकिडव्या बसून एकेक फळ चिमटीनं उलटं करताहेत. खाली रस्त्यावर कुणी नाही. ऊन इतकं आहे की समोरची घरं हलताना दिसतात.

"हे तुह्यं ऊन," तोकिए-सान म्हणतात. "हेच ना?"

"हो."

"'हे काय ऊन,' असं म्हणे तू. दर साली. माह्या दारात पाय ठेवला का पयलं वाक्य ते. 'आमच्या अमरावतीले सत्तेचाळीस रायते.' शुन्सुके हासे. तू घामही पुसत नसे. मंग मी एसी कशी लावू? दुसऱ्या मुलुखातून आलेली सून निवांत बसली हाये, न जनम इथं काढलेली सासू उठून एसी लावते?"

फळांचा आंबट-खारट वास यामिनीच्या नाकात बसतो.

"मी गमतीनं म्हणायचे ते," ती म्हणते.

"गमतीनं म्हण नाई तर कशानं म्हण."

"म्हणजे माझ्यामुळे झालं? असं म्हणायचंय तुम्हाला?"

"असं म्हणलं का म्या?" त्या पहिल्यांदाच मान वर करून बघतात. चेहरा जिवंतपणी होता तसाच, नीटनेटका, फक्त डोळे तापलेले. "मी मेली ते माह्या हट्टानं. पण तुह्या त्या सत्तेचाळीसचा राग हाये मले. अन् तो हाये."

यामिनीला रडू यायला हवं, पण येत नाही. येतो तो संताप, पोटातून, इतका की तिच्याही तोंडातून अमरावतीचीच भाषा बाहेर पडते. तिकडून निघाल्यापासून अशी ती कुणाशी भांडलेली नाही. "माह्या बोलण्याचा एवढा राग होता तर तोंडावर फेकाचा ना. नऊ वर्षं 'हो का, हो का' करून काय भेटलं तुमाले? मले वाटे, ह्या बाईले माह्याशी काई घेणंच नाई. मी घरी आली काय न नाई आली काय. म्हणून येनं कमी केलं म्या. तुमी बसल्या फळं उलटत."

"येनं कमी केलं," तोकिए-सान म्हणतात. "हो. ते आता तूच बोलली."

भिंतीवरचा फोन वाजतो. गच्चीला भिंत नव्हती, पण हे स्वयंपाकघर आहे, आणि यामिनी उंबरठ्याच्या आत उभी आहे. खिडकी बंद. गॅसवर तेल तापतंय. हवा इतकी जड की श्वास घ्यायला ती बाजूला सारावी लागते. तोकिए-सान रिसीव्हर कानाला लावतात. आता मात्र त्या त्यांच्या जपानीत बोलतात, मऊ, अर्ध्या वाक्यांत.

"आज बैलाचा दिवस आहे. दोघांना संध्याकाळी जमलं तर..."

आणि यामिनीला आपलाच आवाज ऐकू येतो, पलीकडून, गोड. आज मीटिंग आहे हो. रविवारी नक्की येऊ.

"हो का."

मीटिंग नव्हती. सकाळचे अकरा वाजले होते, यामिनी घरी सोफ्यावर पाय वर घेऊन बसली होती, एसी लावून. सासूसमोर डबा उघडून, त्यांच्या ताटातली वाम बघत संध्याकाळ काढायची, या कल्पनेचाच तिला कंटाळा आला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारणीनं खिडकीतून त्यांना पडलेलं पाहिलं. दहनाच्या वेळी शुन्सुके म्हणाला, या वर्षी आईनं वाम खायला बोलावलंसुद्धा नाही, तेव्हाच तिला बरं नसणार. यामिनी त्याच्या शेजारी उभी होती. ती काही बोलली नाही.

"सांगतलं का त्याले?" तोकिए-सान रिसीव्हर ठेवून विचारतात. पुन्हा वऱ्हाडी.

"नाही."

"वर्ष झालं."

"माहितीये मला."

"तो समजते का आई त्याले विसरली. मेलेल्यावर टाकाले सोपं रायते, नाई? मेलेलं माणूस फोन करून सांगत नाई, का बापा म्या केला होता फोन."

यामिनी ओट्याकडे बघते. तोफूची वडी दोन पाट्यांमध्ये दाबून ठेवली आहे, पाणी निथळतं आहे. समुद्री शेवाळाचे काळे कागद कापून ठेवले आहेत, वीतभर लांबीचे. एका भांड्यात सोयाचा दाट, गोड रस. आणि खरबरीत तबकडीवर अर्धवट किसलेला एक पांढरा, लांब कंद.

"हे काय आहे?"

"वाम."

"ही वाम नाही."

"तेच तर. तोफू न कंद कालवाचा, काळ्या कागदावर थापाचा, हा कागद झाला कातडं. वर चाकूनं रेघा. तळाचं, रस लावाचा, भाताले झाकून टाकाचं. बुद्धाच्या देवळातले लोक खातात असं. मासा नाई, माशाचं पाणी नाई. रसाच्या पाकिटावरचं दोन डाव वाचलं म्या, भिंग लावून."

"पण मी रविवारी येते म्हटलं होतं."

"रविवारी तू डबा आणला असता. म्हणून म्हणलं, आजच करते न संध्याकाळी गाडीत बसून तुह्या दारात नेते. समोर ठेवते. मंग पायते, ह्या डावाले काय कारण सांगते ते." त्या कपाळावरचा घाम बाहीनं पुसतात. "मायेनं नाई केलं वं. तसं समजू नको. रागानं केलं."

यामिनीला हे ऐकून मोकळं वाटतं, विचित्र मोकळं. मायेनं केलं म्हणाल्या असत्या तर तिला तिथे उभं राहता आलं नसतं. रागासमोर उभं राहता येतं.

"गॅस बंद करा," ती म्हणते. "आधी गॅस बंद करा, आणि खिडकी उघडा."

"आधी हे कीस. अर्धं रायलं. मी हात धुवाले उठली न..." त्या वाक्य तिथेच सोडतात, पूर्वीसारख्या. कंदाचा उरलेला तुकडा तिच्या हातात देतात.

"मी हे खाणार नाही."

"नको खाऊ. कीस."

यामिनी किसते. कंद साबणासारखा निसटतो, ती तो मुठीत आवळते. पांढरा, चिकट लगदा बोटांमधून मनगटापर्यंत ओघळतो. ती जोर लावून किसते, जणू कुणावर तरी सूड घ्यायचा आहे. तोकिए-सान भिंतीला टेकून खाली बसतात आणि तिच्या हातांकडे बघत राहतात. बरोबर करतेय की नाही ते सांगत नाहीत. तेल तडतडतं. तुकडा लहान होत होत नखाएवढा उरतो, बोटांची पेरं तबकडीला घासतात.

"आई, झालं," ती म्हणते आणि वळते.

छत दिसतं. एसी त्याच्या बारीक आवाजात चालू आहे. घड्याळात तीन वीस. अंगणात गाडी लागल्याचा आवाज येतो.

यामिनी उठून बसते, आणि पहिलं काय जाणवतं तर हात. दोन्ही हात खाजताहेत. अळूची पानं चिरल्यावर खाजतात तसे, कातडीच्या आतून. ती उजेडाकडे धरून बघते. बोटांपासून मनगटापर्यंत लाल आहेत, बारीक पुरळ उठल्यासारखे. सकाळपासून तिनं गाद्या आणि पुस्तकं सोडून कशाला हात लावलेला नाही.

ती सरळ स्वयंपाकघरात जाते. तिथे काही नाही. पुसलेला ओटा, वर्षाची धूळ, बंद खिडकी. ती खिडकी उघडते, नळ सोडते. पाणी आधी कढत येतं, मग कोमट. ती हात त्याखाली धरून उभी राहते.

शुन्सुके दारात येतो. काहीतरी सांगत आलेला असतो, तो मधेच थांबतो. तिच्या हातांकडे बघतो.

"काय झालं हाताला?"

"माहीत नाही. झोप लागली होती."

तो जवळ येतो, पण हात लावत नाही. "आईचे असेच होते," तो म्हणतो. "त्या दिवशी. मनगटापर्यंत लाल. डॉक्टरांना विचारलं मी, ते म्हणाले उष्णतेनं असेल."

"तू मला सांगितलं नाहीस."

"काय सांगायचं त्यात."

"त्या काय करत होत्या?"

"काहीतरी किसत होती. भांड्यात काळं पडलेलं होतं. मी नीट पाहिलं नाही, सगळं पिशवीत भरून फेकलं."

यामिनी नळ बंद करते. ओले हात पुसत नाही.

"त्यांनी फोन केला होता," ती म्हणते. "त्या दिवशी सकाळी अकराला. वाम खायला बोलावलं होतं, दोघांना. फोन मी घेतला. मीटिंग आहे म्हटलं. मीटिंग नव्हती. तुला सांगितलं नाही, नंतरही सांगितलं नाही."

शुन्सुके गाडीची किल्ली ओट्यावर ठेवतो, पुन्हा उचलतो, पुन्हा ठेवतो. मग बोलतो, आणि हळू बोलत नाही. लग्नाला दहा वर्षं झाली, त्याचा आवाज इतका मोठा होऊ शकतो हे तिला माहीत नव्हतं. वर्षभर मला वाटत राहिलं की तिनं बोलावलंच नाही, तो म्हणतो. वर्षभर मी तिच्यावर रागावलो होतो, यामिनी, मेलेल्या आईवर. ती ऐकून घेते. काही गोष्टी कबूल करते. काहींना उत्तरही देते: शेवयांचं, डब्याचं, नळ मोठा सोडून ओकल्याचं. त्यातलं काहीच त्याला माहीत नव्हतं. तो ओट्याला धरून उभा राहतो.

उघड्या खिडकीतून गरम वारा आत येतो आहे. दोघंही घामानं निथळताहेत, पण मधल्या खोलीत जाऊन बसू असं कुणी म्हणत नाही. तो बोलत असताना यामिनी हात खाजवत नाही. ते तसेच पुढे धरून ती उभी आहे, आणि मनगटावरची लाली आता कोपराकडे चढते आहे.